अंतर आणि निमित्त

वऱ्हाडातील माणसाला मुंबई कधीच जवळची नव्हती. लोहमार्गाने अमरावतीहून मुंबई साडेसहाशे किलोमीटरहून अधिक. गाडीत एक अख्खी रात्र काढल्यावाचून ते अंतर सरत नसे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली आणि हा हिशेब बदलला. आकाशमार्गे हेच अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि वेळापत्रकातील वेळ अवघी पावणेदोन तास!

अर्थात, वेळापत्रक सारेच सांगत नाही. विमानतळावर आधी पोहोचणे आले, मुंबईत उतरल्यावर घर गाठणे आले. अकोलेकरांना तर आधी बेलोरा गाठायला हवे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला व त्याची गिनीज बुकात नोंद झाली; तरी त्या रस्त्याने दोनेक तास जातातच. हे सर्व धरूनही रात्रभराचा प्रवास अर्ध्या दिवसावर आला, हे मान्य केले पाहिजे.

मग प्रश्न उरतो तो असा, की अंतर घटले म्हणून आपण एकमेकांच्या जवळ आलो काय?

आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील अमरावतीस वा अकोल्यास, आणि मुले मुंबईस. "यायचे मनात फार आहे, पण लांब पडते," हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारले आहे. ते खोटे नव्हते. तिकिटाचा खर्च, न मिळणारी रजा, मुलांच्या परीक्षा यांचे ओझे खरेच असते आणि ज्यांना ते आजही पेलवत नाही, त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु कचेरीच्या कामासाठी, लग्नकार्यासाठी किंवा जमिनीच्या व्यवहारासाठी तेच अंतर आपण विनातक्रार कापले, हेही तितकेच खरे. म्हणजे कधी कधी अंतर ही अडचण नव्हती, ते निमित्त होते. विमानाने आपले श्रम वाचवले खरे. पण ते निमित्तही हिरावून घेतले.

आणखी एक गोष्ट आहे. रात्रभर प्रवास करून आलेला मुलगा चार दिवस राहत असे. लवकर येणारा लवकर निघूनही जातो. वाचलेले तास म्हाताऱ्या आईच्या खाटेशेजारी खर्ची पडले नाहीत, तर ते तिच्या दृष्टीने वाचलेच नाहीत.

म्हणून पुढल्या वेळी "लांब पडते" असे ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबून आपण स्वतःलाच विचारू या: लांब नेमके काय आहे, गाव की आपले मन? उत्तर प्रामाणिक असेल, तर कित्येकदा तिकीट काढण्यापूर्वीच अर्धी वाट सरलेली असेल.