सल्ला कोणास विचारावा?

पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघाले की वाघोली लागते. आपणां वारकऱ्यांना हा गाव रामेश्वर भटांचा म्हणून ठाऊक. २०२१ साली तो पुणे महानगरपालिकेत गेला. जमिनीला मोल आले, मोलाबरोबर विचारणारे आले, आणि सांगणारे तर त्याहून जास्त आले!

तिथल्याच एका सप्ताहात कीर्तन आटोपून आम्ही बसलो होतो. एक माळकरी गृहस्थ पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, जमिनीचा सौदा ठरतोय. त्या पैशात हार्डवेअरचं दुकान टाकायचंय. बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यावी म्हणतो. आपलं काय मत?" आम्ही बोलून गेलो, "घ्या की! बहिणीला माहेर मोठं, वाटा नव्हे." गृहस्थ समाधानाने गेले. आम्हांला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. का, ते पुढे येईलच.

महिपतीबुवांनी गायिलेली कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. देहूचे तुकोबा वाणी. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात दुकानाचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी गेली, मूल गेले. पुढे विठ्ठलचरणी मन जडल्यावर त्यांनी येणे असलेली खते काढली. ती सगळी त्यांनी बुडविली काय? नाही. अर्धी धाकट्या कान्होबाच्या हाती दिली आणि आपल्याच वाट्याची इंद्रायणीत सोडली. वैराग्य आपले, त्याचा भार भावाच्या संसारावर कशाला? या अर्ध्या खतांवर कीर्तनकार फारसे थांबत नाहीत. आम्हीही थांबत नव्हतो.

दुसऱ्यांदा त्यांनी इंद्रायणीत टाकल्या त्या अभंगांच्या वह्या. त्या मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून. शूद्राने वेदार्थ सांगू नये, असा रामेश्वर भटांचा निर्णय पडला. तुकोबांनी नम्रपणे विचारले, लिहून झाले त्याचे काय करू? उत्तर मिळाले, पाण्यात बुडवा. खते गेली ती कायमची, आणि ती परत यावी असे तुकोबांना वाटलेही नाही. वह्या मात्र तेरा दिवसांनी वर आल्या.

आता विचार करा. रामेश्वर भटांची विद्या का कमी होती? मुळीच नाही, ते मोठे शास्त्री. पण त्या उत्तरात त्यांचे स्वतःचे आसन गुंतलेले होते. वाण्याची वाणी खरी ठरली तर पंडिताची बैठक हलते! अशा ठिकाणी शास्त्र जाणणारालाही शास्त्र नीट दिसत नाही.

म्हणून विचारण्याआधी एवढे पाहावे, की आपण 'हो' म्हटले तर याचे काय होते आणि 'नाही' म्हटले तर काय होते. दलाल वाईट माणूस असतो असे आम्ही म्हणत नाही. पण सौदा झाला तरच त्याची दलाली, तो 'जरा थांबा' कसा म्हणेल? दुकानाचे विचारायचे तर ज्याचे दुकान एकदा बुडाले आणि ज्याने सगळ्यांची देणी फेडली, अशाला दुसऱ्या गावी जाऊन विचारावे. उधारीची वही माणसाला कशी खाते, हे तो सांगेल. आणि बुवाला? बुवाला मृदंग कुठला चांगला ते विचारावे. गळ्यात माळ आहे म्हणून सात-बारा वाचता येतो असे नाही.

पण रामेश्वर भटांची थोरवी पुढेच आहे. अनगडशहा फकिराच्या विहिरीत स्नान केले आणि सर्वांगाचा दाह सुरू झाला. आळंदीस जाऊन ते माउलींना शरण गेले. स्वप्नात आज्ञा झाली, तुकोबांकडे जा. ज्याच्या वह्या बुडवायला लावल्या त्यालाच विचारायचे! भटांनी मान खाली घातली. तुकोबांनी अभंग लिहून पाठविला आणि दाह शमला. आपण जी तुकोबांची आरती म्हणतो तिच्या शेवटी नाव आहे ते याच रामेश्वरांचे.

आता आमच्या झोपेचे सांगतो. वडील वारल्यावर आम्हीही धाकट्या बहिणीची सही घेतली होती. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि केंद्राच्या कायद्याने २००५ साली मिळाला, हे आम्हांस ठाऊक नव्हते असेही नाही. त्या गृहस्थांना 'घेऊ नका' म्हणालो असतो, तर आमचेच माप आमच्या पदरात पडले असते. आमचे आसन गुंतले होते, दुसरे काय?

सप्ताह संपताच बहिणीच्या गावी गेलो. चहा झाला. विषय काढायला जीभ उचलेना. शेवटी काढला. ती म्हणाली, "दादा, सही मी तेव्हाही दिली असती रे. पण तू कागद पुढे केलास. मला विचारलं नाहीस." आमच्याजवळ उत्तर नव्हते. वाट्याचे बोलणे आता तिच्याशी चालू आहे. काय ठरायचे ते तिच्या मनाने ठरेल.

परत येताना वाटेतूनच त्या गृहस्थांना फोन केला आणि सांगितले, "आमचा सल्ला चुकीचा होता, सही घेऊ नका. आधी बहिणीला भेटा." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "महाराज, ती शिरूरला असते. रविवारी जातो."