रामाची शेज आणि टाक्यातला गाळ

सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतले कामगार मोटारसायकली काढून पेठ रस्त्याने आशेवाडीला जातात. दिंडोरी तालुक्यातलं हे गाव रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. वनवासात रामाने इथे शेज केली, असं पंचक्रोशी मानते. चढताना गुहेतलं राममंदिर लागतं. तिथे दिवा असतो, रंगरंगोटी असते, चपला बाहेर काढल्या जातात.

मंदिर मागे पडलं की त्याच चपला पायात चढतात आणि सोबत श्रद्धाही उतरते. ढासळलेल्या तटाच्या दगडांवर प्रेमवीरांची नावं, खडकात खोदलेल्या टाक्यांत गाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. डोंगर एकच, मग पावित्र्य गुहेच्या उंबऱ्याशीच का थांबतं?

या तटाची योग्यता कमी म्हणावी, तर इतिहास वेगळंच सांगतो. 1682 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने रामशेजला वेढा घातला. शहाबुद्दीन खानाने मोठा लाकडी दमदमा, म्हणजे गडावर मारा करण्यासाठी बुरूज, उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकूड मात्र होतं. मराठ्यांनी खोडं पोखरली, त्यावर कातडं चढवलं आणि त्यांच्याच तोफा केल्या, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो.

पुढे बहादूरखान आला. त्याच्याकडच्या एका मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून घेतला आणि तो हातात धरून गडाकडे निघाला. गडावरून गोफणीचा धोंडा आला, थेट छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे! हेही खाफीखानच सांगतो, म्हणजे शत्रूच्या बाजूचा माणूस. गड अखेर 1687 च्या सुमारास गेला, तोही फितुरीने. ज्या भिंतीआड मूठभर माणसं एवढी वर्षं तग धरून राहिली, तिच्यापुढे आज नारळ फुटत नाही.

श्रद्धेचा स्वभावच नवं करत राहण्याचा आहे. जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. 2013 मध्येही बांधलं. लाकूड बदललं तरी देव तोच राहतो. आपल्याकडेही मूर्ती भंगली की तिचं विसर्जन होतं, नवी बसते आणि पूजा चालू राहते. तटाचं तसं नाही. ज्या दगडाने 1682 चे मारे झेलले, तो दगड गेला की त्या जागी कितीही सुबक सिमेंट ओतलं तरी साक्षीदार परत येत नाही. देवाला नवा रंग चालतो, तटाला चालत नाही.

मग गडाची निगा हे फक्त इतिहासवेड्यांचं काम म्हणायचं का? धर्मशास्त्राला हे मान्य होणार नाही. इष्टापूर्त या जोडीत यज्ञयागाइतकंच विहिरी, तळी, देवळं बांधण्याचं काम धर्मकृत्यात मोडतं आणि पडझड झालेलं सावरणं हेही पुण्याचंच. अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वेश्वराचं मंदिर उभारलं, तसेच देशभर घाट, बारवा आणि धर्मशाळाही बांधल्या. त्यांच्या हिशेबात देव आणि पाणी वेगळ्या खात्यांवर नव्हते. आपण मात्र अर्धाच धर्म पाळायला लागलो. आरती ठेवली, गाळ उपसणं सोडून दिलं.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. नाशिक जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे, रामशेज नाही. म्हणजे रामशेजची निगा मुख्यतः इथल्याच लोकांना राखावी लागणार.

रामनवमी चैत्रात येते आणि तोवर टाक्यांतलं पाणी बरंच खाली गेलेलं असतं. गाळ काढायला याहून सोयीचा मुहूर्त नाही. त्या दिवशी गडावर जाणाऱ्यांनी पुरातत्त्व खात्याला विचारून, जाणकारांना सोबत घेऊन दर्शनानंतर दोन तास घमेली उचलावीत. रंगाचे डबे आणि सिमेंटच्या गोण्या मात्र आशेवाडीतच ठेवाव्यात.