चुकलेल्या सुरातला मारिओ

आधी पंखा बंद करा. उकडलं तर उकडू द्या, पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न आहे. कॉम्प्युटरला हेडफोन लावा, जुने गेम चालवणाऱ्या एम्युलेटरवर मारिओ सुरू करा आणि त्याला जागच्या जागी उभा राहू द्या. खेळायचं नाही. वेळ संपून मेला तर मरू द्या.

आवाज किती थोडे आहेत बघा. १९८३च्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या चिपमधून पाचच आवाज निघतात: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा, पाचवा ध्वनिमुद्रणाच्या बारीक तुकड्यांचा. कोजी कोंदो यांनी १९८५मध्ये मारिओची चाल एवढ्यातच बसवली. खालचा सूर त्रिकोणी लहरीचा. तिला लहान-मोठं होणं ठाऊक नाही. असते किंवा नसते. वरची चाल सोडा, ती पाठच आहे. खालच्या सुराचा हात धरा. सुटला तर पुन्हा धरा.

आता सावकाश मागे जा. नव्वदचं दशक, मे महिन्याची सुट्टी. दौंडला रेल्वे क्वार्टर असेल, नाहीतर शिरूरला नगर रस्त्याच्या आतली एखादी गल्ली. टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी गेमची वायर. चॅनेल लागेपर्यंत पडद्यावर मुंग्या. कॅसेट काढली, फुंकर मारली, पुन्हा दाबली. लागली. आवाज आठवतोय? आत्ता कानात आहे तसाच होता?

घाई नको.

तसा नव्हता. आपल्याकडे घरोघरी आले ते बहुतांश खरे निन्टेन्डो नव्हतेच, नकला होत्या. त्यांतल्या बऱ्याच चिपांत एक गफलत होती. चौकोनी लहर प्रत्येक फेरीत किती वेळ वर राहते, त्यावर तिचा पोत ठरतो. निम्मा वेळ राहिली तर आवाज पोकळ, गोलसर. पाव वेळ राहिली तर किरटा, नाकातला. नकलांमध्ये या दोघांची अदलाबदल झाली होती. शिवाय खेळ सेकंदाला ६० चित्रांचा आणि आपला टीव्ही ५०चा. त्यामुळे टीव्हीशी जुळवून घेतलेल्या नकलांवर चाल सहाव्या हिश्श्याने रेंगाळायची. म्हणजे टोकियोतल्या पोराने ऐकलेला मारिओ आपण ऐकलाच नाही. एम्युलेटर अचूक आहे खरा, पण ती अचूकता त्या पोराच्या कानाची.

मेसेन नावाच्या एम्युलेटरमध्ये, आवाजाच्या सेटिंगमध्ये, ही गफलत मुद्दाम करून देणारी एक चौकट आहे. तिच्यात खूण करा. मारिओ पुन्हा उभा करा. अंगावर काटा आला तर येऊ द्या, नाही आला तरी बिघडत नाही. टीव्हीच्या स्पीकरची घरघर आणि दौंडच्या यार्डातलं शंटिंग मात्र ही चौकट देणार नाही. ते ज्याचं त्याने आठवून घ्यायचं.

मला विचाराल तर खूण काढू नका. शुद्धतावाले नाकं मुरडतील, मुरडू द्या. याच आवाजात एकदा कॉन्ट्रा हा खेळही ऐकून घ्या.