हाती मोबाइल, डोळे पेपरवर

सत्र परीक्षा आठवड्यावर आली की महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच लगबग सुरू होते. कुणी युनिटनुसार पीडीएफ टाकते, कुणी मागच्या वर्षांचे पेपर, कुणी ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी. त्याखाली यूट्यूबवरच्या ‘वन शॉट’ व्हिडिओची लिंक येते, ज्यात अख्खे युनिट तासा-दोन तासांत उरकते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत कॅमस्कॅनर होते. ते गेले, पण वर्गातल्या नीटनेटक्या वहीची पाने स्कॅन करून फिरवण्याची रीत काही थांबली नाही. याच मुलांसाठी केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ‘स्वयम्’ २०१७ पासून खुले आहे, आणि आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्याने तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. तिकडे मुलांनी वळावे म्हणून परिपत्रके निघतात, नोडल अधिकारी नेमले जातात; पीडीएफ मात्र कुणी न सांगता घरोघर पोचते. ‘मुलांना अभ्यासच नको’ असा याचा अर्थ लावणे सोपे आहे, पण चूक आहे. परीक्षा आपल्याकडून नेमके काय मागते हे विद्यार्थी फार बारकाईने ओळखतात आणि त्यानुसार साधन निवडतात. म्हणून विद्यापीठातल्या डिजिटल शिक्षणाची चर्चा अ‍ॅपपासून नव्हे, प्रश्नपत्रिकेपासून सुरू व्हायला हवी.

माणसे नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात याचा अभ्यास जुना आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपात दोन गोष्टी मध्यवर्ती होत्या : साधन आपल्या उपयोगाचे आहे असे वाटणे आणि ते वापरायला सोपे वाटणे. २००३ मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात भोवतालच्या लोकांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी यांची भर घातली. विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन या मांडणीवर असंख्य प्रबंध लिहिले गेले. त्यांतल्या बहुतेकांत साधन ‘उपयुक्त’ वाटले का हे विचारले जाते. ती उपयुक्तता ठरवली कोणी, हे क्वचितच. नोकरदाराला ती त्याचे काम ठरवून देते, विद्यार्थ्याला मूल्यमापन. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे आकडे २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे ३.१३ टक्के होते. पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग धरलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के. व्हिडिओ तेच, शिकवणारेही तेच. पैसे भरणारे मुळातच जिद्दीचे असणार, असा आक्षेप इथे येईल आणि तो रास्त आहे. सगळा फरक प्रमाणपत्रामुळे पडला असे म्हणता येणार नाही. पण शेवटी हाती काय पडणार हे ठाऊक असलेला माणूस साधनाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, एवढे त्यातून नक्की दिसते. आपल्याकडे यूजीसीने २०२१ मध्ये एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्याची मुभा दिली. क्रेडिट जोडले की मुले येतात. त्याचबरोबर दर आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरेही यूट्यूब आणि टेलिग्रामवर मुदतीआधी येतात, कारण ती असाइनमेंट म्हणजे बहुतेकदा चार पर्यायांतून एक निवडण्याचा प्रश्न असतो. मागणी बरोबर पर्यायाची होती आणि मुलांनी ती पुरी केली.

खरा अडसर साधनांच्या अभावाचा आहे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागातल्या सुमारे ४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३ टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण १५ आणि शहरी ४२ टक्के घरांत होती. त्यानंतर स्वस्त डेटाने मोबाइल पुष्कळ हातांत पोचवला, पण मोबाइल म्हणजे संगणक नव्हे. पाच इंची पडद्यावर व्याख्यान पाहता येते, पीडीएफ वाचता येते. वीस पानी प्रकल्प अहवाल लिहिणे, स्प्रेडशीटवर विदा मांडणे किंवा प्रोग्राम लिहून त्यातली चूक शोधणे तिथे फार जिकिरीचे होते. मोबाइलवर वाढलेला विद्यार्थी म्हणूनच साधनांचा ग्राहक होतो, त्यांच्या साहाय्याने काही घडवण्याची संधी त्याला मिळत नाही. ही विषमता सरकारने आणि विद्यापीठांनी पैसे खर्चून दूर केलीच पाहिजे. संध्याकाळी आठपर्यंत उघडी असलेली संगणक प्रयोगशाळा ही तालुक्याच्या कॉलेजात चैन नव्हे. भाषेचेही तसेच आहे. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलगी एफवायबीएस्सीला इंग्रजी पुस्तकासमोर बसते, तेव्हा एंट्रॉपी म्हणजे काय हे तिला मराठीत समजावणारा, तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी न वैतागणारा चॅटबॉट हा मोठा आधार आहे. या वापराला मी मनापासून मोल देतो. पण तिचा पेपर ‘एंट्रॉपीची व्याख्या लिहा’ एवढेच विचारणार असेल, तर हळूहळू तीही समजून घेणे सोडून व्याख्या उतरवून घेऊ लागेल.

विद्यार्थ्यांना आपल्या भल्याचे कळते, त्यांना निवडू द्यावे, असेही म्हटले जाते. निवडीचे स्वातंत्र्य मलाही हवे आहे. मात्र आपण शिकलो ही भावना फसवी असते, याचे पुरावे भक्कम आहेत. रोएडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवडाभराने, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. आपल्या लक्षात अधिक राहील असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात २०१९ मध्ये हेच वेगळ्या रूपात दिसले : स्वतः गणिते सोडवत शिकलेल्या मुलांना गुण जास्त पडले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. चॅटबॉटमुळे सरावात मिळालेले यशही असेच फसवे ठरू शकते. तुर्कस्तानात सुमारे एक हजार शाळकरी मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असताना त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेतल्यावर, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्के मागे पडली. थेट उत्तर न देता शिक्षकांनी आखलेल्या सूचना देणारा बॉट ज्यांना मिळाला, त्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले. तंत्रज्ञान एकच होते. मुलाकडून कोणते काम करवून घ्यायचे हे कुणीतरी आधी ठरवले होते, एवढाच फरक.

हे ठरवणे आपल्या विद्यापीठांत कुणाच्या हाती आहे? पेपर विद्यापीठ काढते, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-दोन कॉलेजे सांभाळतात. त्यांना परीक्षा बदला म्हणून सांगणे हा अन्याय आहे, असे कुणी म्हटले तर मी ते मान्य करतो. तरीही इंटर्नलचे गुण कॉलेजच्या हाती आहेत, आणि स्वायत्त कॉलेजांच्या हाती तर सगळाच पेपर. घरून लिहून आणलेल्या असाइनमेंटला मिळणाऱ्या गुणांपैकी निम्मे जरी तिच्यावरच्या तोंडी प्रश्नांना ठेवले, तरी मुलांचा साधनांशी असलेला व्यवहार बदलू लागेल. ‘ही पायरी का घेतलीस’, ‘हा आकडा दुप्पट केला तर काय होईल’, असे दोन प्रश्न पुरतात. बॉटकडून लिहून घेतलेली असाइनमेंट त्यांच्यापुढे टिकत नाही. बॉटशी वाद घालून समजून घेतलेली टिकते. १२० मुलांचा वर्ग आणि प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर दहा तास लागतात. दर असाइनमेंटला चिठ्ठ्या टाकून वीस मुले बोलावली तर पावणेदोन तासांत काम होते, आणि आपले नाव कधीही निघू शकते हे उरलेल्या शंभरांनाही ठाऊक असते. अडचण अशी, की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला व्याख्यानाच्या तासाचे पैसे मिळतात, हे पावणेदोन तास त्याच्या पदरचे जातात. स्मार्ट बोर्ड आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांसाठी तरतूद करणाऱ्या विद्यापीठांनी पुढच्या अंदाजपत्रकात आधी हे तास कार्यभारात धरावेत आणि त्यांचे मानधन द्यावे.