राजीनामा आणि कबुलायत

यावल तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक शिसवी पेटी होती, आणि आजोबांच्या पश्चात ती उघडून आतील कागदांची वासलात लावण्याचे काम, घरात इंग्रजी शिकलेला म्हणून, माझ्याकडे आले. साऱ्याच्या पावत्या, एक गहाणखत, एका बैलजोडीच्या खरेदीचा कागद आणि कडेने वाळवीने खाल्लेले, एकमेकांस टाचलेले दोन दस्त, इतका ऐवज तीत निघाला. त्या दोन दस्तांपैकी वरच्यावर ‘राजीनामा’ असे लिहिले होते व खालच्यावर ‘कबुलायत’. पणजोबांनी उभ्या जन्मात कोणाची नोकरी केली नव्हती. मग हा राजीनामा कशाचा, असा प्रश्न मला पडला, आणि चौतीस वर्षे सरकारी नोकरी करून, अनेकदा मनात मसुदा तयार असूनही, एकदाही राजीनामा देण्याचे धैर्य ज्याला झाले नाही त्याला तो पडावा हे स्वाभाविकच होते.

पुढे एका जाणत्या तलाठ्याने उलगडा केला. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत खातेदाराला जमीन दुसऱ्याच्या नावे सोडावयाची असल्यास त्याने राजीनामा लिहून द्यावयाचा, आणि जो ती पत्करील त्याने, सारा भरण्याची जोखीम अंगावर घेऊन, कबुलायत लिहून द्यावयाची, अशी वहिवाट होती. ‘राजी’ म्हणजे संतुष्ट, संमत. ‘नामा’ म्हणजे लेख. सोडून जाण्याच्या कागदाला आपल्या पूर्वीच्या दप्तराने संमतीचा कागद असे नाव द्यावे आणि पुढील माणसाच्या स्वीकाराचा कागद त्यालाच टाचून ठेवावा, यात कोणा कारकुनाने तत्त्वज्ञान योजले असेल असे मी म्हणत नाही. तथापि सोडणे आणि स्वीकारणे या विषयावर मी आजवर जी प्रवचने ऐकली त्यांपैकी बहुतेकांपेक्षा ती दोन पिवळी पाने मला अधिक समंजस वाटली. प्रवचनकार मनाच्या तयारीविषयी बोलतात. दप्तर मुदतीविषयी बोलते. आणि माझा अनुभव असा की मन तयार होण्याची वाट पाहत बसणारा मनुष्य काहीच सोडीत नाही. ज्याच्यापुढे तिथी ठरलेली असते तो कुरकुरत का होईना, सोडतो, आणि मन मागाहून येते.

आमच्या भागात हा धडा देण्यास केळीइतका योग्य गुरू नाही. केळीचे खोड म्हणून जे दिसते ते वस्तुतः पानांच्या देठांची एकात एक घट्ट बसलेली चळत असते. खरे खोड जमिनीत, कंदाच्या रूपाने. ती एकदाच निसवते, तिला एकच घड येतो, आणि तो उतरविला की तिचे इतिकर्तव्य संपते. दरम्यान तिच्या बुडाशी पिले फुटू लागलेली असतात. अजाण माणसाला वाटते की ती जितकी अधिक तितकी बरकत मोठी. परंतु शेतकरी विळा घेऊन ती वरचेवर कापीत राहतो, कारण घड पोसण्याच्या काळात ती आईच्या तोंडचा घास काढतात. योग्य वेळ आली की एकच पील राखावयाचे, आणि तेही तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे, जोमदार. रुंद पानांचे, वरून गुटगुटीत दिसणारे पील आतून पोकळ निघते हे प्रत्येक बागाईतदाराला ठाऊक असते. लहानपणी मला याहून विशेष वाटे ते पुढचेच. घड काढल्यावर माझे काका खोड लगोलग बुडातून तोडू देत नसत. “असू दे थोडे दिवस,” ते म्हणत, “तिच्यातलं पाणी पिलाला उतरू दे.” संपलेल्या खोडातील रस नव्या पिलाच्या कामी येतो हे आता कृषिशास्त्रही सांगते. काकांनी ते शास्त्र वाचलेले नव्हते. ते फक्त घाई करीत नसत.

त्याच काकांना पुढे एका मोठ्या बदलाला तोंड द्यावे लागले. बसराई ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जात. तिचे मुनवे, म्हणजे पिले, स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बागेतून निवडून घ्यावयाचे, आणि घड हाती येण्यास दीड वर्ष धीर धरावयाचा. 1990 नंतरच्या काळात प्रयोगशाळेत वाढविलेली ग्रँड नैनची रोपे आणि ठिबकच्या नळ्या रावेर-यावलच्या काळ्या जमिनीत पसरल्या. भवरलाल जैन यांनी जळगावला उभारलेल्या उद्योगाचा या प्रसारात मोठा वाटा होता हे सर्वश्रुतच आहे. वर्षाच्या आतबाहेर सगळी बाग एकदम कापणीस येऊ लागली. काकांनी दोन हंगाम बांधावरून पाहिले, तिसऱ्या हंगामात मृगबागेची दोन एकर लावण नव्या रोपांची केली, आणि त्यानंतर बसराईचे नावही काढले नाही. परंतु यात जे गेले त्याचाही हिशेब मांडावयास हवा: मुनव्यांच्या देवघेवीत जे शेजारपण होते ते गेले, आता रोपे महिनोन्‌महिने आधी पैसे भरून नोंदवावी लागतात, आणि आपल्या बागेचे बियाणे आपल्याच बागेत आहे ही निश्चिंती उरलेली नाही. नव्याचा स्वीकार म्हणजे निव्वळ जमा असे समजणाऱ्याने खतावणी कधी लिहिलीच नसावी.

खानदेशात वर्षाचा असा ठरलेला फेरपालट आखाजीला होतो. इतर महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि सोन्याची खरेदी. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरली जाते, माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, आणि सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या शेतगड्याचे, साल संपून नवे ठरते. जुन्या मालकाचा हिशेब बेबाक करून सालदाराने त्याच्याकडे राहावे किंवा दुसऱ्याची वाट धरावी, ही मुभा त्याला त्या एका दिवशी असे. असे, हे मी जपून लिहितो. कारण घेतलेली उचल फिटली नसेल तर ती मुभा कागदावरच राही, आणि असे सालदार मी पाहिले आहेत की ज्यांच्या आयुष्यात आखाजी साठ वेळा आली पण साल एकाच वाड्यात सरले. ऋण ज्याच्या डोक्यावर आहे त्याला नव्या शक्यतांविषयी उपदेश करणे हा निर्दयपणा आहे.

याहून प्रगल्भ योजना तापीच्या पलीकडे, धुळ्याकडील पांझरा नदीच्या काठी होती. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि पाटाखालील थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, पाडलेले फड: ही फड पद्धत तीनचारशे वर्षे चालत आलेली. पाणी फिरविणारा पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि या सर्वांवर गावचे पंच. सरकारी अधिकाऱ्याचा यात संबंध नसे. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, आणि ते कोणते याचा निर्णय सर्वांनी मिळून करावयाचा. एका फडात ऊस तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढे त्यांची आळीपाळी. शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असल्यामुळे कोणाचाही लाभ कायमचा नसे आणि तोटाही कायमचा नसे. यंदा माझ्या तुकड्यात ऊस उत्तम आला म्हणून पुढल्या वर्षीही मी तोच लावीन, हे म्हणण्याचा अधिकार मालकालाही नव्हता. पाऊस कमी झाला की पाणी थोड्या फडांना मिळे आणि टंचाई सगळ्यांच्या वाट्याला येई. ज्याला आपण आज मोठ्या शब्दांत अनासक्ती म्हणतो ती पांझरेकाठच्या कुणब्याला पाण्याच्या पाळीने शिकविली होती. विहिरी वाढल्या, वर मोठी धरणे झाली, ज्याने त्याने आपले पीक आपण ठरवावे अशी रीत पडली, आणि ही पद्धत बहुतेक ठिकाणी क्षीण झाली. त्या पद्धतीचाही राजीनामा झालाच म्हणावयाचा. कबुलायत मात्र कोणी लिहून दिली नाही.

त्याच पांझरेकाठच्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फलत्यागावरील मराठीतील सर्वांत सुबोध विवेचन तुरुंगात, म्हणजे ज्यांच्याकडून बहुतेक सर्व आधीच काढून घेतले होते अशा श्रोत्यांपुढे व्हावे, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. लेखनिक साने गुरुजी त्या आधी दोन वर्षे अमळनेरची शिक्षकाची कायम नोकरी सोडून चळवळीत पडले होते. नोकरीचा खरा राजीनामा तो.

परंतु अमळनेरचेच नाव निघाले म्हणून विरुद्ध बाजूही सांगतो. याच गावी 1945 साली वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला; त्यातून पुढे विप्रो झाली, आणि ज्या अमळनेरकरांनी त्या काळी घेतलेले भाग न विकता पेटीत तसेच पडू दिले त्यांची मुले धनवान झाली. कंपनीने तूप सोडून संगणक धरला. भागधारकांनी मात्र काहीही न सोडल्यामुळे त्यांचे भले झाले. आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे गोळा केली नसती, 1926 च्या अखेरीस धुळ्यास त्यांचा अंत झाल्यावर तेथील मंडळींनी संशोधन मंडळ स्थापून तो ठेवा सांभाळला नसता, तर मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधने बंबात गेली असती. कोणता कागद टाकावा हे पेटीच्या मालकाला कळतेच असे नाही. माझे ते दोन दस्त मी ठेवले आहेत.

जेथे ‘राजी’ हा शब्दच गाळला जातो तेथे या चर्चेत बोलण्यासारखे फार थोडे उरते. 1852 साली सावदा-एरंडोलकडील रयतेने इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध बंड पुकारले आणि फौज आणून ते मोडण्यात आले. जळगाव, अमळनेर, धुळे येथील कापडगिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा कामगारांना कोणी संमती विचारली नाही. भोंगा थांबला म्हणून वेळ कळेनाशी झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना ‘बदल स्वीकारा’ असे सांगण्याची माझी प्राज्ञा नाही.

राहिला माझा प्रश्न, आणि तो फार क्षुल्लक आहे. निवृत्तीनंतर मी गावी परतलो, काकांच्या मागे आलेली बाग दहा वर्षे पाहिली, आणि गेल्या आखाजीला, घागर पुजून झाल्यावर, सर्व कारभार पुतण्याच्या आणि सूनबाईच्या स्वाधीन केल्याचे सर्वांसमक्ष जाहीर केले. सूनबाई कृषी पदवीधर. पाणी केव्हा, किती, खत कोणते, हे ती हातातील यंत्रावर पाहून ठरविते. मी मात्र रोज सकाळी काठी घेऊन बांधावर जातो, वाफसा पाहतो आणि न विचारता दोनचार सूचना करतो. महसुलाच्या भाषेत सांगावयाचे तर राजीनामा दिला, पण ताबा सोडला नाही. असला व्यवहार कोणत्याही मामलेदाराने नामंजूर केला असता. सूनबाई माझे सर्व ऐकून घेते, “हो मामंजी” म्हणते, आणि आपल्याला जे करावयाचे तेच करते. पावसाळ्यात काही रोपांवर रोगाचे पिवळे पट्टे दिसले तेव्हा मी थांबून पाहण्याचा सल्ला दिला. तिने दुपारच्या आत ती उपटून बागेबाहेर नेऊन पुरली. उरलेली बाग वाचली. खोडातले पाणी पिलाला उतरण्यासाठी खोड काही दिवस उभे ठेवतात, या काकांच्या नियमावर मी अजून बांधावर उभा आहे अशी स्वतःची समजूत घालतो.

दिवाळी झाली की आमच्याकडे केळीच्या कांदेबागेची लावण उरकावयाची आहे. रोपे कोठून आणली, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.