साक्ष पुरी सांगा

बुधवारी शिवाजी पार्कवरून माहीमकडे निघालात की गर्दी कुठे चाललीय ते विचारावं लागत नाही. सेंट मायकेल चर्चमधली नोव्हेना १९४८ पासून चालू आहे आणि तिला सगळ्या धर्मांची माणसं येतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं असतं, ते तो घेतो. आत आभाराची पत्रं वाचली जातात. दादर-परळच्या आम्हा मराठी प्रोटेस्टंटांच्या प्रार्थनासभेत पत्र नसतं, माणूस स्वतः उभा राहून साक्ष देतो. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत सांगतो.

सांगावंच. उपकार पोटात ठेवणं आपल्यात शोभत नाही. पण हल्ली साक्षीचा साचा झालाय. डॉक्टरांनी हात टेकले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल आला, हालेलुया! केईएममध्ये पहाटेपासून केसपेपरच्या रांगेत उभी राहिलेली बहीण या गोष्टीत नसते. शेजाऱ्याने न मागता दिलेले पैसे नसतात. सहा महिने नेमाने घेतलेल्या गोळ्या तर नसतातच. देवाचा महिमा वाढवायला माणसांचे उपकार का गाळावे लागतात, हे मला कधी कळलं नाही.

मागच्या बाकावर अशीही एक आई असते, जिने तितकेच उपवास केले आणि जिचा मुलगा वाचला नाही. तिचा विश्वास कमी पडला असं तिला कुणी तोंडावर म्हणत नाही. समोरची साक्षच ते म्हणते. पुढच्या रविवारी ती येत नाही, आणि मंडळी म्हणते, ‘ती थंड पडली.’

याहून वाईट म्हणजे अशी साक्ष ऐकून कुणी औषध सोडतो. क्षयाच्या गोळ्या मधेच थांबवल्या, तर पुढे रोग त्याच औषधांना दाद देईनासा होतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो एकट्याचा राहत नाही. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्यालासुद्धा येशूने आधी याजकाकडे तपासून घ्यायला पाठवलं होतं. आपल्याला रिपोर्ट पाहायची लाज का वाटावी?

साक्ष कशी असावी, हे आपल्याच घरात लिहून ठेवलंय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. १९०७च्या साक्षीत त्या सरळ लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. केवढं हे धाडस! मुक्ती मिशनचा एवढा पसारा उभा राहिल्यावर त्या हे लिहीत होत्या. ते झाकून ठेवणं सहज जमलं असतं. दुष्काळात आईवडील गेले, उपाशी फिरलो, तेही त्या वगळत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा बाईंवर आकाश कोसळलं. त्यांनी ते तसंच सांगितलं: रडणं, नवऱ्यावरचा राग, कित्येक वर्षांची ताटातूट, आणि परत एकत्र राहायला आल्यावरही न सुटलेलं सोवळं. सोवळं कसं सुटत गेलं हे वाचताना देवाचं काम दिसतं, पण बाई त्याची जाहिरात करत नाहीत. पौलानेही आपल्या देहातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, हे त्याने करिंथकरांना लिहून कळवलं. आपल्या सभेत पौलाला पाच मिनिटं मिळतील का, शंकाच आहे.

म्हणून पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या वडीलजनांना विनंती आहे. बरं झाल्याची साक्ष असेल, तर आधी डॉक्टरांचा कागद पाहा आणि औषध चालू आहे का ते सर्वांसमोर विचारा. ज्यांनी रांगा लावल्या, डबे पोचवले, त्यांची नावं घ्यायला लावा. आणि येत्या रविवारी त्या मागच्या बाकावरच्या आईकडे जा. तिला बोलायचं असेल, तर पहिली वेळ तिला द्या. नसेल, तर तिच्याजवळ नुसते बसा.