तीन अंड्यांचा कायदा

सकाळी मला एकच अंडं लागतं. पाणी खळखळलं की डावाने अंडं अलगद सोडायचं, आच जरा कमी करायची. बलक ओलसर हवा असेल तर सात मिनिटं, घट्ट हवा तर अकरा-बारा, आणि बाहेर काढल्याबरोबर गार पाण्यात. गार पाण्याचा कंटाळा केला की अंडं आपल्याच उष्णतेने आत शिजत राहतं आणि बलकाभोवती हिरवट कडं धरतं. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो उद्योग. खायला अपाय नाही, दिसायला वाईट. कोंबडीखालून काल काढलेलं अंडं उकडायला घेऊच नये. सोलताना निम्मं पांढरं सालीबरोबर जातं. आठवडाभर जुनं अंडं बरं.

यात धर्माचा काही प्रश्न असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. इस्राएलात अश्दोदला राहणारी माझी लेक म्हणते, आहे. "आई, एकटं अंडं उकडू नकोस. निदान तीन तरी घाल." हे तिला तिच्या सासूबाईंनी शिकवलं. विहीणबाईंचं घराणं पोलंडकडचं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याचे, आता ठाण्यात. आमच्या घरात तीनचा दंडक मी तरी ऐकला नाही. आजी अंडं आधी वाटीत फोडायची, वाटी उजेडाकडे तिरकी धरायची, आणि लाल ठिपका दिसला की ते अंडं परसात. रक्त खायचं नाही, कारण रक्तात जीव असतो, हे तोराहचं, आमच्या धर्मग्रंथाचं सांगणं. आणि अंड्यातला ठिपका म्हणजे आत जीव धरू लागल्याची खूण, अशी जुनी समजूत.

पण उकडायचं असेल तर वाटीचा उपयोग काय? कवच न फोडता आतलं दिसत नाही, आणि फोडलं तर उकडायचं काय? सोळाव्या शतकात रब्बी योसेफ कारोंनी 'शुल्हान आरूख' या ज्यू धर्मकायद्याच्या संहितेत याचा निर्वाळा देऊन ठेवला आहे: भाजलेलं किंवा उकडलेलं अंडं तपासता येत नसलं तरी खुशाल खावं. बहुतेक अंड्यांत रक्त नसतं, तेवढा भरवसा पुरे. मला हा निर्वाळा फार आवडतो. जे पाहण्याची सोयच नाही त्याचा जाब शास्त्र मागत नाही. सोवळ्याओवळ्याचा धाक घालणारी माणसं सगळ्याच धर्मांत असतात; त्यांना हे वाक्य कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

मग तीन कशाला? तर सोलल्यावर ठिपका निघालाच, तर पाण्याचं आणि पातेल्याचं काय करायचं, या काळजीपोटी. एकटं अंडं असेल तर सगळंच विटाळलं. तीन असतील तर एक सदोष, दोन निर्दोष. दोन म्हणजे बहुमत. सदोष तेवढं टाकायचं, बाकीचं चालतं.

आता कुणी म्हणेल, हल्लीच्या अंड्यांत जीव धरायचा प्रश्नच कुठे येतो? पोल्ट्रीत कोंबडाच नसतो. ठिपका दिसतो तो कोंबडीच्या पोटात अंडं तयार होताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्यामुळे. खरं आहे. गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना 'आरोग्याची किल्ली' लिहिली, तीत हाच मुद्दा आहे: ज्याला दूध चालतं त्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी. आणि न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी विसाव्या शतकात पोल्ट्रीच्या अंड्यांविषयी सांगितलं, की कायद्याने हा ठिपका निषिद्ध नाही, तरी रिवाज म्हणून अंडं टाकावं. कारण सरलं, रिवाज उरला. त्याचं मला वाईट वाटत नाही. एका अंड्याच्या किमतीत थोडं थबकायला होतं, तर स्वस्तच म्हणायचं.

मला अडतं ते बहुमताशी. ठिपक्याचं अंडं दोन चांगल्या अंड्यांशेजारी उकडलं म्हणून ते चांगलं झालं का? नाही, ते टाकावंच लागतं. पण त्याचा परिणाम मोजायचा नाही, असं ठरतं. थोड्यांचं अस्तित्व पुष्कळांत धरायचं नाही, हा कायदा मी जरा दचकूनच ऐकते. भारतात आम्ही काही हजार उरलो आहोत. 'पुष्कळांच्या मागे जावं' हे सूत्र रब्बींनी तोराहमधल्या निर्गमच्या तेविसाव्या अध्यायातल्या दुसऱ्या वचनाच्या शेवटातून काढलं. पण त्या वचनाची सुरुवातच अशी आहे, की वाईट करायला पुष्कळांच्या मागे जाऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच वचनात.

रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ जो तालमूद, त्यात तर 'बेत्सा', म्हणजे अंडं, याच नावाचा एक अख्खा भाग आहे. सणाच्या दिवशी कोंबडीने घातलेलं अंडं त्याच दिवशी खावं का, यावरून तो सुरू होतो. एरवी कडक असणारा शम्मायचा संप्रदाय इथे खा म्हणतो आणि मवाळ हिलेलचा नको म्हणतो. कायदा हिलेलचा चालला. पुढे विचारलंय, हे निषिद्ध अंडं हजार अंड्यांत मिसळलं तर? तिथे आपलं बहुमत चालत नाही. हजारच्या हजार अंडी बाजूला ठेवायची! कारण हे अंडं उद्या आपोआपच चालणार आहे. जे नुसतं थांबल्याने सुटतं, ते संख्येच्या जोरावर सोडवायचं नाही.

हे मला पटलं, आणि तेही आमच्या सोसायटीच्या सभेत. गणपतीत इमारतीत कुणी अंडी-मासळी शिजवू नये असा ठराव आला, भराभर हात वर झाले. माझा झाला नाही. ज्यूंचं घर आमचं एकटंच. शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "अहो, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे." मी दहा दिवस अंडं उकडलं नाही. काकूंच्या घरी गणपती बसतो, त्यांच्या मोदकांचं ताट दरवर्षी आधी माझ्याकडे येतं. थांबण्याने जे साधतं त्यासाठी हात मोजायची गरजच नव्हती, आणि सेक्रेटरींना मी तसं सांगितलंही. त्यांना वाटलं, मी ठराव मानला. उद्या तोच ठराव बारा महिन्यांचा आला तर थांबून काही सुटणार नाही. मग त्या वचनाची सुरुवात काढून त्यांच्यापुढे ठेवावी लागेल. काकूंचा हात तेव्हा कुठे असेल, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

लेकीचं म्हणणं मी सध्या अर्धं ऐकते. पाहुणे असले की तीन, नाहीतर एक. कारोंचा निर्वाळा माझ्या बाजूला आहे. परवा ती फोनवर तडजोडीला आली: "बरं, तीन नको, दोन तरी घाल." मी म्हटलं, दोनात बहुमत कुणाचं गं?